तुमचं बँक स्टेटमेंट एका क्लिकवर दुसऱ्या कंपनीकडे जातं, तेव्हा नेमका विश्वास कुणावर ठेवायचा?

समजा, सांगलीत एकाचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. दिवाळीआधी माल भरायला त्याला दोन लाखांचं कर्ज हवंय. त्याचं खातं एका बँकेत आहे आणि कर्ज देणारी कंपनी दुसरीच आहे. कंपनी म्हणते, "गेल्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट पाठवा."

पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. तो बँकेच्या ॲपमधून पीडीएफ डाऊनलोड करतो आणि एजंटला व्हॉट्सॲप करतो. पीडीएफचा पासवर्डही त्याच चॅटमध्ये खाली टाईप करतो. एजंट ती फाईल ऑफिसला पाठवतो, ऑफिसातून ती आणखी कुणाकडे जाते. कर्ज मिळो किंवा न मिळो, फाईल मात्र एजंटच्या फोनमध्ये तशीच पडून राहते.

त्या फाईलमध्ये काय असतं? महिन्याला किती पैसे येतात, कुठल्या मेडिकलमध्ये किती खर्च होतो, कुणाला उसने दिले, कुठला हप्ता बाऊन्स झाला, मुलाच्या क्लासची फी किती. थोडक्यात, घरातल्या माणसांनाही माहीत नसतं इतकं सगळं.

आता हाच प्रकार कंपनीच्या बाजूने बघा. आलेली पीडीएफ खरी आहे की कुणी आकडे बदललेत, हे तिला कसं कळणार? बँकेने थेट माहिती द्यायची म्हटलं, तर बँकेला वेगळाच प्रश्न पडतो. खातेदाराने खरंच परवानगी दिली आहे का? आणि मागणारी कंपनी खरी आहे का?

म्हणजे तीन बाजू आहेत. तिघांचे कॉम्प्युटर वेगळे, तिघांच्या गरजा वेगळ्या आणि तिघांपैकी कुणाचाच दुसऱ्यावर पूर्ण भरवसा नाही. तरीही माहिती इकडून तिकडे जायलाच हवी, नाहीतर दुकानदाराचं काम अडतं.

या पेचावर भारतात एक उत्तर काढलं गेलंय. त्याचं नाव अकाउंट ॲग्रीगेटर. तुम्ही गेल्या काही वर्षांत ॲपवरून कर्ज घेतलं असेल किंवा म्युच्युअल फंडाचं एखादं ॲप वापरलं असेल, तर कदाचित त्याच्या स्क्रीनवर तुम्ही "अप्रूव्ह" दाबलंही असेल. ते बटण दाबल्यावर मागे काय घडतं, हे समजून घेऊया.

सगळ्यांची माहिती एकाच ठिकाणी का नाही ठेवत?

पहिल्यांदा सुचतो तो उपाय सोपा वाटतो. सगळ्या बँकांनी आपला डेटा एका मोठ्या सरकारी सर्व्हरवर टाकायचा आणि ज्याला हवा त्याने तिथून घ्यायचा.

यात दोन मोठ्या अडचणी आहेत. एक म्हणजे अशी जागा चोरांसाठी खजिनाच ठरते. एक कुलूप तुटलं की कोट्यवधी लोकांची माहिती बाहेर. दुसरी अडचण म्हणजे ती जागा ज्याच्या ताब्यात, त्याला सगळ्यांचं सगळं दिसणार. मग प्रश्न सुटत नाही, फक्त हलतो. आधी विचारायचो, कंपनीवर विश्वास ठेवायचा का? आता विचारावं लागेल, त्या सर्व्हरवाल्यावर ठेवायचा का?

दुसरा मार्ग काही ॲप्सनी वापरलाही. ग्राहकाकडून नेटबँकिंगचा यूजरनेम आणि पासवर्डच घ्यायचा, त्याच्या नावाने लॉगिन करायचं आणि स्क्रीनवरची माहिती उचलायची. याला स्क्रीन स्क्रेपिंग म्हणतात. हे म्हणजे लाईटबिल दाखवायचं म्हणून घराची किल्लीच देऊन टाकण्यासारखं आहे. किल्ली हातात आली की माणूस काय काय बघतो, यावर कुणाचं नियंत्रण?

तिसरा मार्ग असा : डेटा जिथे आहे तिथेच राहू द्यायचा. बँकेचा बँकेत, विम्याचा विमा कंपनीत. गरज पडेल तेव्हा, गरजेपुरताच आणि मालकाच्या परवानगीने तो थेट पाठवायचा. भारताने हा मार्ग निवडला.

अकाउंट ॲग्रीगेटर म्हणजे नेमकं काय?

२ सप्टेंबर २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेने अकाउंट ॲग्रीगेटर या नव्या प्रकारच्या कंपन्यांसाठी नियम जाहीर केले. प्रत्यक्ष सुरुवात व्हायला बरोबर पाच वर्षं लागली. २ सप्टेंबर २०२१ ला ही व्यवस्था लोकांसाठी सुरू झाली, तेव्हा स्टेट बँक, एचडीएफसी, आयसीआयसीआय, ॲक्सिस अशा आठ बँका तिच्यात सामील झाल्या होत्या.

यात तीन पात्रं आहेत.

पहिलं, माहिती देणारा. म्हणजे तुमची बँक, म्युच्युअल फंड, विमा कंपनी, पेन्शन फंड. नोव्हेंबर २०२२ मध्ये यात जीएसटी नेटवर्कचीही भर पडली, त्यामुळे छोट्या व्यावसायिकांची जीएसटी रिटर्न्सही या मार्गाने देता येतात.

दुसरं, माहिती मागणारा. कर्ज देणारी कंपनी, गुंतवणुकीचा सल्ला देणारी कंपनी वगैरे. इथे कुणीही उठून सामील होऊ शकत नाही. रिझर्व्ह बँक, सेबी, विमा नियामक आयआरडीएआय किंवा पेन्शन नियामक पीएफआरडीए यांपैकी कुणाच्या तरी देखरेखीखाली ती संस्था असावी लागते.

तिसरं, या दोघांच्या मधला. तोच अकाउंट ॲग्रीगेटर. याला रिझर्व्ह बँकेचं लायसन्स लागतं आणि लायसन्स मिळालं की दुसरा कुठलाही धंदा करता येत नाही. ना कर्ज द्यायचं, ना पैसे पाठवायचे. तुमचा पासवर्ड किंवा पिन मागायलाही त्याला बंदी आहे. काम एकच : तुमची परवानगी घेणं, ती बँकेला दाखवणं आणि माहिती पोचवणं. अशा काही कंपन्या आज देशात काम करतात. त्यातली फिनव्ह्यू ही पुण्याची.

आता मुख्य प्रश्न. मध्ये आणखी एक कंपनी आणली म्हणजे विश्वास ठेवायला आणखी एक माणूस वाढला, नाही का?

डबा पोचवणाऱ्याला डबा उघडता का येत नाही?

मुंबईचे डबेवाले वर्षानुवर्षं डबे पोचवतात आणि कुणाचा डबा उघडत नाहीत. हा त्यांचा प्रामाणिकपणा झाला. त्यांनी ठरवलं तर डबा उघडता येतो. अकाउंट ॲग्रीगेटरच्या व्यवस्थेत ही शक्यताच काढून टाकलीय. त्याच्या हातून माहिती जाते, पण ती त्याला वाचताच येत नाही.

हे कसं जमतं? एका कुलपाची कल्पना करा. कर्ज देणारी कंपनी एक उघडं कुलूप बँकेकडे पाठवते. किल्ली मात्र स्वतःकडेच ठेवते. बँक तुमचं स्टेटमेंट डब्यात घालते, ते कुलूप दाबून बंद करते आणि डबा मधल्याच्या हातात देते. मधल्याने उघडं कुलूप नेलं होतं, आता बंद डबा आणतोय. पण किल्ली त्याने कधी पाहिलेलीच नाही. डबा फक्त कंपनीच उघडू शकते.

कॉम्प्युटरच्या जगात हे कुलूप म्हणजे गणित आहे. प्रत्यक्षात कंपनी आणि बँक दोघंही आपापला एक गुप्त आकडा ठेवतात आणि एकमेकांना फक्त त्यापासून तयार केलेला जाहीर आकडा पाठवतात. आपला गुप्त आणि समोरच्याचा जाहीर आकडा एकत्र केला की दोघांकडे एकच चावी तयार होते. मध्ये उभं राहून दोन्ही जाहीर आकडे बघणाऱ्याला मात्र ती चावी काढता येत नाही. डिफी आणि हेलमन या दोन शास्त्रज्ञांनी ही युक्ती १९७६ मध्ये मांडली. व्हॉट्सॲपच्या मेसेजलाही याच घराण्यातलं कुलूप असतं. अकाउंट ॲग्रीगेटरमध्ये दर वेळी माहिती मागताना नवी चावी बनते. एक चावी हाती लागली म्हणून जुने-नवे सगळे डबे उघडत नाहीत.

कुलूप कसं असावं, निरोप कुठल्या साच्यात पाठवावा, हे सगळ्यांसाठी एकसारखं असावं लागतं. नाहीतर प्रत्येक बँक आपली वेगळी पद्धत काढेल. हे तांत्रिक नियम रिझर्व्ह बँकेचीच उपकंपनी असलेल्या रीबिटने २०१९ मध्ये प्रसिद्ध केले.

म्हणजे मधल्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायची गरज बरीच कमी झाली. तो प्रामाणिक असेल तर उत्तमच. नसेल तरी तुमचं स्टेटमेंट त्याला वाचता येत नाही.

समोरचा खरा आहे, हे कशावरून?

कुलूप मजबूत आहे, पण ते पाठवलं कुणी? उद्या एखाद्या भामट्याने स्वतःला बँक किंवा कंपनी म्हणवून घेतलं तर?

यासाठी दोन गोष्टी आहेत : सही आणि यादी.

प्रत्येक संस्था आपल्या प्रत्येक निरोपावर डिजिटल सही करते. ही सही कागदावरच्या सहीसारखी कॉपी करता येत नाही. कारण ती त्या निरोपातल्या मजकुरावरूनच तयार होते. मजकुरातला एक आकडा जरी बदलला, तरी सही जुळत नाही. बँकेकडून येणाऱ्या माहितीवरही बँकेची डिजिटल सही असते. त्यामुळे पीडीएफमध्ये पंधरा हजाराचे पन्नास हजार करण्याचा खेळ इथे चालत नाही.

पण सही कुणाची, हे ताडून बघायला नमुना हवा. बँकेत चेकवरची सही जशी रेकॉर्डमधल्या सहीशी जुळवतात, तसंच. हा नमुना एका मध्यवर्ती यादीत असतो. व्यवस्थेत कोण कोण सामील आहे, त्यांचा पत्ता काय, त्यांची सही तपासायची जाहीर चावी कुठली, हे त्या यादीत असतं. सहमती नावाची ना-नफा संस्था ही यादी सांभाळते. नाव अगदी चपखल आहे.

लक्षात घ्या, या यादीत तुमची माहिती नाही. त्यात फक्त संस्थांची ओळख आहे. शेकडो संस्थांनी एकमेकांशी वेगवेगळे करार करून ओळख पटवत बसण्यापेक्षा सगळे एकाच यादीकडे बघतात.

आणि इथेच जाणकारांच्या मनात शंका येते. सगळा डोलारा यादीवर उभा असेल, तर यादीच बिघडली तर?

नेदरलँड्समध्ये २०११ साली नेमकं हेच झालं

ही शंका किती खरी आहे हे बघायला एक जुनं प्रकरण उपयोगी पडतं. ते अकाउंट ॲग्रीगेटरचं नाही, पण तत्त्व तेच आहे.

तुम्ही एखादी वेबसाईट उघडता तेव्हा ती खरी आहे की नकली, हे ब्राऊझर कसं ओळखतो? काही कंपन्या वेबसाईटना ओळखपत्र देतात, त्याला सर्टिफिकेट म्हणतात. कुठल्या कंपन्यांच्या ओळखपत्रावर विश्वास ठेवायचा, याची यादी ब्राऊझरकडे असते. नेदरलँड्समधली डिजिनोटार ही त्या यादीतली एक कंपनी. डच सरकारच्या अनेक वेबसाईटनाही तिचीच ओळखपत्रं होती.

२०११ च्या उन्हाळ्यात एक हॅकर डिजिनोटारच्या सिस्टीममध्ये घुसला आणि त्याने ५०० हून जास्त खोटी ओळखपत्रं बनवली. त्यातलं एक गूगलच्या नावाचं होतं. ते वापरून इराणमधल्या सुमारे ३ लाख लोकांचा जीमेलकडे जाणारा मार्ग मध्येच अडवला गेला. त्यांच्या ब्राऊझरला समोर गूगलच दिसत होतं, कारण ओळखपत्र यादीतल्या कंपनीने दिलेलं होतं.

सगळ्यात वाईट भाग पुढे आहे. कंपनीला घुसखोरी जुलैतच कळली होती, पण तिने जाहीर सांगितलं नाही. इराणमधल्या एका जीमेल वापरणाऱ्याला क्रोममध्ये इशारा दिसला आणि ऑगस्टच्या शेवटी प्रकरण बाहेर आलं. चौकशीत समोर आलं की ओळखपत्रं बनवणारे सगळे सर्व्हर एकाच यूजरनेम-पासवर्डने उघडता येत होते आणि त्यांच्यावर अँटिव्हायरसही नव्हता. ब्राऊझर कंपन्यांनी डिजिनोटारला यादीतून काढून टाकलं, डच सरकारनेही तिच्यावरचा विश्वास काढून घेतला. सप्टेंबर २०११ मध्ये कंपनी दिवाळखोर झाली.

यातून दोन धडे मिळाले. यादीत नाव टाकताना जेवढी काळजी घ्यायची, तेवढीच नाव काढण्याची सोयही तयार हवी. आणि घुसखोरी झाली तर ती लपवणं हा घुसखोरीपेक्षा मोठा गुन्हा ठरतो, कारण बाकीचे सगळे त्या काळात खोट्यावर विश्वास ठेवत राहतात. म्हणून अशा प्रत्येक व्यवस्थेत सह्यांना मुदत असते, चाव्या बदलल्या जातात आणि प्रत्येक निरोपाची नोंद राहते. गडबड झालीच, तर ती कुठून सुरू झाली ते शोधता यावं म्हणून.

तुम्ही "हो" म्हणता, म्हणजे नेमकं कशाला?

आता कुलूप झालं, सही झाली, यादी झाली. राहिली परवानगी. ती तुमच्या हातात आहे.

तुम्ही ॲपमध्ये "अप्रूव्ह" दाबता तेव्हा एक छोटं डिजिटल संमतीपत्र तयार होतं. त्यात काय काय असलंच पाहिजे, हे रिझर्व्ह बँकेच्या नियमांत दिलंय. माहिती कुणाची, कुठली, कशासाठी, कुणाला द्यायची, संमती कधी दिली आणि ती कधी संपणार. या संमतीपत्रावर अकाउंट ॲग्रीगेटरची सही असते. बँक माहिती सोडण्याआधी हे पत्र तपासते. मुदत संपलीय का? मागितलेल्या तारखा त्यात बसतात का? दाखवणारा खरा आहे का? सगळं जुळलं तरच माहिती निघते.

व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पीडीएफशी तुलना करा. तिथे तुम्ही फाईल देता आणि विषय संपतो. कशासाठी दिली, किती दिवसांसाठी दिली, याची कुठेच नोंद नाही. इथे प्रत्येक "हो" सोबत त्याची हद्द लिहिलेली असते.

पण ही हद्द किती मोठी आहे, हे स्क्रीनवर वाचल्याशिवाय कळत नाही. दोन संमती दिसायला सारख्या असल्या तरी त्यांत मोठा फरक असू शकतो. एक संमती एकदाच माहिती द्यायची असते. कर्जाचा निर्णय झाला, काम संपलं. दुसरी ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा माहिती घेण्याची असते. म्हणजे कर्ज फिटेपर्यंत दर महिन्याला तुमच्या खात्यात डोकावण्याची परवानगी. कधी कधी तिची खरंच गरज असते. सगळी गुंतवणूक एकाच ठिकाणी दाखवणाऱ्या ॲपला दर थोड्या दिवसांनी ताजी माहिती लागतेच. पण एका छोट्या कर्जासाठी वर्षभराची परवानगी मागितली जात असेल, तर "कशासाठी?" हा प्रश्न विचारायला हवा.

आणखी एक नाजूक जागा आहे, मोबाईल नंबर. तुमची खाती शोधताना आणि जोडताना बँक मुख्यतः तिच्याकडे नोंदवलेला नंबर बघते आणि त्यावर ओटीपी पाठवते. आपल्याकडे कितीतरी घरांत आई-वडिलांच्या खात्याला मुलाचा किंवा पुतण्याचा नंबर लावलेला असतो. कधी जुना नंबर तसाच राहिलेला असतो. ज्याच्या हातात ओटीपी, त्याच्या हातात संमती. एवढं गणित, एवढ्या सह्या, पण शेवटी तुमची ओळख एका सिमकार्डवर येऊन टेकते. म्हणून बँकेतला नंबर स्वतःचा आणि चालू असणं ही यातली सगळ्यात साधी आणि सगळ्यात महत्त्वाची काळजी आहे.

डेटा पोचल्यानंतर काय?

डबा बंद होता, वाटेत कुणी उघडला नाही, बरोबर माणसाकडे पोचला. त्याने उघडला. आता?

इथे तंत्रज्ञानाची हद्द संपते. कंपनीने माहिती एकदा वाचली की ती कॉपी करण्यापासून तिला कुठलंही गणित रोखू शकत नाही. संमतीपत्रात माहिती किती दिवस ठेवायची हे लिहिलेलं असतं, पण त्या दिवसानंतर ती खरंच पुसली का, हे तुम्हाला तुमच्या फोनवरून दिसत नाही. संमती रद्द केली तर पुढची माहिती जायची थांबते. आधी गेलेली आपोआप परत येत नाही.

इथून पुढे कायदा लागतो. डिजिटल कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम काढले. कर्जाच्या ॲप्सना तुमच्या फोनमधले कॉन्टॅक्ट, फोटो, कॉल लॉग बघता येणार नाहीत, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन करून बदनामी करण्याचे प्रकार ज्या माहितीवर चालायचे, तीच ही माहिती. त्यानंतर २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मंजूर केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ज्या कारणासाठी माहिती घेतली त्याच कारणासाठी वापरायची, संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं, ही त्यातली तत्त्वं आहेत. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर केली, तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

याबाबतीत एस्टोनिया या छोट्या युरोपीय देशाकडून शिकण्यासारखं आहे. तिथे २००१ पासून सरकारी खाती आणि कंपन्या एक्स-रोड नावाच्या व्यवस्थेतून एकमेकांना माहिती देतात. तिचंही सूत्र हेच : डेटा ज्याचा त्याच्याकडे, निरोपाला कुलूप आणि सही. पण तिथल्या नागरिकांना आणखी एक सोय आहे. सरकारी पोर्टलवर लॉगिन करून, आपली माहिती कुठल्या खात्याने कधी बघितली हे त्यांना बऱ्याच नोंदींसाठी तपासता येतं. बघणाऱ्याला माहीत असतं की आपलं बघणंही बघितलं जातंय. भारतात तुम्ही कुणाला संमती दिली हे तुम्हाला दिसतं. पण कंपनीच्या आत ती फाईल कुणी कुणी उघडली, हे दिसण्याची सोय अजून नाही.

"अप्रूव्ह" दाबण्याआधी काय बघायचं?

तीस सेकंद लागतात. पुढच्या वेळी एवढं तपासा.

• माहिती मागणारी कंपनी कुठली? ॲपचं नाव एक आणि कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव दुसरं असू शकतं. संमतीच्या स्क्रीनवर कुणाचं नाव आहे ते वाचा.

• कारण काय लिहिलंय? तुम्ही ज्या कामासाठी आलात त्याच्याशी ते जुळतं का?

• कुठली खाती निवडलीत? सगळ्या खात्यांवर आपोआप टिक असेल, तर नको असलेल्यांची काढता येते का ते बघा. गरजेपुरतंच द्या.

• किती काळाचं स्टेटमेंट मागितलंय? सहा महिने पुरत असतील तर तीन वर्षं कशाला?

• एकदाच की पुन्हा पुन्हा? आणि संमती कधी संपणार?

• पासवर्ड किंवा पिन मागितला का? मागितला तर तिथेच थांबा. खऱ्या अकाउंट ॲग्रीगेटरला तो मागण्याची परवानगीच नाही. ओटीपी फक्त स्क्रीनवर टाका, फोनवर कुणालाही सांगू नका.

• काम झाल्यावर त्या अकाउंट ॲग्रीगेटरच्या ॲपमध्ये किंवा वेबसाईटवर जा. तुम्ही दिलेल्या सगळ्या संमतींची यादी तिथे असते. नको असलेली रद्द करा.

आणि यांपैकी काही पटलं नाही, तर "नाही" म्हणायचा अधिकार तुमच्याकडे आहे. अकाउंट ॲग्रीगेटर वापरायची सक्ती नाही. कंपनीला दुसऱ्या मार्गाने कागद देता येतील का, हे विचारता येतं.

मग विश्वास नेमका कुणावर?

परत सांगलीच्या त्या दुकानदाराकडे येऊ. पीडीएफच्या जमान्यात त्याला एजंटवर, एजंटच्या फोनवर, ऑफिसातल्या अनोळखी माणसांवर असा सगळ्यांवर विश्वास ठेवावा लागत होता. तोही पूर्ण आणि कायमचा.

आता त्याचे तुकडे झालेत. माहिती बदलली नाही, यासाठी बँकेची सही आहे. वाटेत कुणी वाचली नाही, यासाठी कुलूप आहे. समोरचा खरा आहे, यासाठी यादी आहे. किती द्यायचं आणि किती दिवस, यासाठी संमतीपत्र आहे. पोचल्यानंतरच्या वागण्यासाठी कायदा आणि नियामक आहेत. एक कडी कमजोर निघाली, तर निदान ती कुठली हे शोधता येतं.

यातली एकच कडी अशी आहे जी कुठली बँक किंवा कुठलं गणित त्याच्या वतीने सांभाळू शकत नाही. ती म्हणजे दुकानात गिऱ्हाईक उभं असताना, घाईघाईत, न वाचता दाबलेलं ते बटण. संमतीपत्र कितीही नीट बनवलेलं असलं तरी ते त्याच्याच "हो" वर चालतं. म्हणून कर्जाचा फॉर्म भरताना त्याने गिऱ्हाइकाला दोन मिनिटं थांबवलं तरी चालेल. स्क्रीनवर जे लिहिलंय ते आधी वाचावं आणि मगच बटण दाबावं.